जुना नव्हे, दुसरा

"तुम्हाला आधी कोणता झाला होता?" डॉक्टर नेर्लेकरांनी विचारलं.

'काय झालं होतं' असं त्यांनी विचारलं नाही. 'कोणता' म्हणाले. कॅन्सरलाच 'कोणता' म्हणतात.

"हॉजकिन लिंफोमा," मी म्हणाले. "मानेत गाठ होती. सात वर्षं झाली त्याला. मिरजेला केमो झाली, नंतर रेडिएशन. आता दर वर्षी तपासून येते. सगळं चांगलं असतं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला. समोर माझा रिपोर्ट उघडा पडला होता. माझ्या शेजारच्या खुर्चीत माझी भावजय त्रिशला बसली होती, पर्स मांडीवर घट्ट धरून. सांगलीतल्या त्यांच्या दवाखान्यात आम्ही एंडोस्कोपीचा रिपोर्ट न्यायला आलो होतो. पोटात सारखं जळजळत होतं, रक्त कमी झालं होतं, वर्गात नकाशासमोर उभं राहिलं की घेरी यायची. शाळेतल्या बायका म्हणत होत्या अल्सर असेल. मीही तेच धरून चालले होते. येताना बसमध्ये त्रिशलाला मी सांगितलंसुद्धा होतं, की आता चहा बंद होणार बघ माझा.

"जठरातून आपण जे तुकडे काढले," डॉक्टर म्हणाले, "त्यात लिंफोमा आहे."

"परत?" हे मी नाही, त्रिशला म्हणाली.

"मी पोटाचा डॉक्टर आहे. परत आलाय की काय, ते मी सांगू नये. अजून काही खास तपासण्या लागतील, त्याला आठवडाभर जाईल. तुकडे मी मिरजेला तुमच्या जुन्या डॉक्टरांकडे पाठवतो. तुम्ही उद्याच तिकडं जाऊन स्कॅन वगैरे करून घ्या."

मी 'बरं' म्हणाले. मला आठवतं, मी त्यांना एंडोस्कोपीच्या नळीबद्दल काहीतरी विचारलं. ती धुतात कशी, असलंच काहीतरी. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं. मग आम्ही उठलो.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर उन्हात आलो आणि त्रिशला थांबली.

"अक्का," ती म्हणाली, "मिरजेला मी येणार नाही."

"उद्या नको. उद्या जिनूला घेऊन जाते."

"उद्या नाही आणि परवाही नाही. मला परत जमायचं नाही, अक्का."

एवढं बोलून ती रिक्षा बघायला पुढं गेली. मी तिथंच कठड्याला धरून उभी राहिले. डॉक्टरांचे शब्द अजून माझ्या आत पोचायचे होते. हिचे मात्र सरळ आत गेले.

हे का ते समजायचं तर मागचं थोडं सांगायला हवं. मी राजमती मगदूम, जयसिंगपूरच्या मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. लग्न केलं नाही. आई-वडील गेल्यावर धाकटा भाऊ जिनेंद्र आणि मी एका घरात राहत होतो. त्याचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोवर माझ्या मानेत गाठ निघाली. जिनूला रक्त बघवत नाही. सुई दिसली तरी तो खाली बसतो. त्यामुळं निपाणीहून आलेल्या त्या नव्या नवरीवर सगळं पडलं. त्रिशला माझ्या कॉटखाली चटई टाकून झोपली. माझी ओकारी तिनं हातात झेलली. केस गळायला लागले तेव्हा तिनं मला अंगणात स्टुलावर बसवून सगळं डोकं भादरलं आणि वर म्हणाली, "अक्का, तुमचं डोकं किती छान गोल आहे, पृथ्वीसारखं." डाळिंबाचे दाणे सोलून सोलून तिची बोटं काळी पडली होती. सख्खी बहीण असती तरी तिनं एवढं केलं नसतं, असं सगळी गल्ली म्हणायची.

आणि आता तीच नाही म्हणत होती.

घरी आल्यावर तिनं स्वयंपाक केला, आम्हाला वाढलं, आणि जिनूला सगळ्यांसमोर सांगितलं की ती सम्मेदला घेऊन निपाणीला जाते आहे. सम्मेद त्यांचा मुलगा, तेव्हा चार वर्षांचा. जिनूनं मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडला. तो तिला 'जाऊ नकोस' म्हणाला नाही. त्याचाही मला धक्का बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला आधी स्टँडवर सोडून आला आणि मग मला मिरजेला घेऊन गेला.

स्कॅन झाला. कमरेच्या हाडातून सुईनं मगज काढून घेतला. जिनू बाहेर भिंतीकडं तोंड करून बसला होता. परत येताना मी त्याला विचारलं, "तिचं माझ्याशी काही बिनसलंय का?"

"नाही."

"मग? माणूस थकतं, मला कळतं ते. पण असं? रिपोर्ट हातात पडल्या पडल्या?"

"अक्का, मला विचारू नकोस."

"मग कुणाला विचारू?"

त्यानं रिक्षावाल्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "तिलाच विचार," तो म्हणाला. "मी सांगायचं नाही असं आमचं ठरलंय."

रागाचं एक बरं असतं, भीतीला तो जागा देत नाही. पुढचे दोन-तीन दिवस मी रागावरच काढले. आजार परत आला, ठीक आहे, तो आजारच आहे. त्याला नातं कळत नाही. पण ही? मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत होते, वर्गातसुद्धा. मुली मोसमी वाऱ्यांवर उत्तरं लिहीत होत्या आणि मी खिडकीशी उभी राहून तिला बोलत होते. शेवटी शनिवारी शाळा सकाळची होती, ती सुटल्यावर मी तशीच स्टँडवर गेले आणि इचलकरंजीला गाडी बदलून निपाणीला पोचले. भांडायलाच गेले होते, दुसरं काही नाही.

त्रिशलाचं माहेर तंबाखूच्या वखारींच्या मागच्या गल्लीत आहे. तिथं हवेतच नाकाला झोंबणारा खाट असतो. दारात पोचेपर्यंत मला तीनदा शिंका आल्या. तिच्या आईनं दार उघडलं, "या" म्हणाल्या, पाण्याचा तांब्या पुढं केला. नेहमी त्या माझा हात हातात घ्यायच्या. आज घेतला नाही.

"तिला न्यायला आला असाल," त्या म्हणाल्या, "तर आधी तिचं ऐकून घ्या."

त्रिशला परसात धुणं वाळत घालत होती. मला बघून तिनं हातातलं लुगडं परत बादलीत टाकलं. आम्ही धुण्याच्या दगडाजवळ पायरीवर बसलो. मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली,

"अक्का, तुमच्या दुसऱ्या केमोच्या वेळी मी दोन दिवस दवाखान्यात आले नव्हते. आठवतंय?"

"हो. ताप आला होता तुला. पद्माकाकी बसली होती माझ्याजवळ."

"ताप नव्हता."

"मग?" मी विचारलं.

"मला तिसरा महिना होता," ती म्हणाली.

शेजारच्या वखारीत कुणीतरी पोती आपटत होतं. तो आवाज थांबायची मी वाट बघत बसले, जणू तो थांबला की हे वाक्य वेगळं ऐकू येईल.

"जिनूला माहीत होतं?"

"त्यांना आणि मला, दोघांनाच. तुमची केमो संपली की सांगायचं ठरवलं होतं. आनंदाची बातमी म्हणून." ती साडीचा पदर बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "त्या दिवशी तुम्हाला रक्त चढवायचं होतं. मी खालून बाटली आणायला गेले. येताना जिन्यातच पोटात कळ आली. मी कठडा धरून बसले. खाली बघितलं तर पायरीवर…"

"जवळ कोण होतं?"

"फरशी पुसणारी बाई होती एक. तिनंच मला धरून बायकांच्या वॉर्डात नेलं."

माणूस अशा वेळी काहीही बोलतं. मी म्हणाले, "आणि बाटली?"

"बाटली त्या बाईनंच वर पोचवली. खाली माझी पिशवी साफ करत होते, तेव्हा वर तुम्हाला ती बाटली चढत होती."

मी उठले. कुठं जायला उठले ते माहीत नव्हतं. चार पावलं चालून कडीपत्त्याच्या झाडाशी गेले आणि परत आले. सात वर्षं मी हिच्या हातचं जेवत होते. तिसऱ्या दिवशी ती डबा घेऊन आली तेव्हा मी तिला विचारलं होतं, ताप गेला का गं? ती म्हणाली होती, गेला. आणि माझी उशी सारखी करून तिनं मला पेज पाजली होती.

"तुम्ही दोघांनी मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही तिसरी केमो घेतली असती?"

घेतली नसती. आम्हाला दोघींनाही ते माहीत होतं.

"तुमचा दोष नाही, अक्का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्या खेपेला असं होतं कधी कधी. धावपळीनंच झालं असं नाही. मला ते पटलंय. पण पायांना पटत नाही. मागं एकदा तुमच्या चुलतमामांना बघायला म्हणून गेले होते तिकडं, तर फाटकापाशीच माझे हातपाय गार पडले. फिनेलचा वास आला की मला ती पायरी दिसते. तुम्हाला परत झालंय म्हटल्यावर मला तुमचं आधी आठवायला पाहिजे होतं. मला ती पायरीच आठवली." ती पहिल्यांदा माझ्याकडं वळली. "म्हणून आले इकडं. तुमच्यासमोर रडले असते तर तुम्ही विचारलं असतं."

भांडायला आणलेलं सगळं माझ्या तोंडात विरघळून गेलं होतं.

"तू येऊ नकोस," मी म्हणाले. "कधीच येऊ नकोस. मी बाई ठेवते. शाळेतल्या निर्मलाबाई आहेत. मी करते काहीतरी."

"ऐका की माझं. मी विचार केलाय." तिनं बोटाचा पदर सोडला. "घरी तुमचं सगळं मी करीन. डबा देईन. डोकं भादरायचं झालं तर तेही मीच करीन, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. पण दवाखान्यात आत यायची नाही. आणि कधी मी चिडले, तर मला चिडू द्यायचं. मागच्या वेळी मी एकदाही चिडले नव्हते."

"चीड," मी म्हणाले. "पाहिजे तेवढी चीड."

मग तिनं बादलीतलं लुगडं काढलं, एक टोक माझ्या हातात दिलं, आणि आम्ही दोघींनी ते पिळून दोरीवर टाकलं. निघताना तिच्या आईनं माझा हात धरला. मी एकटीच परत आले. तिला चल म्हणाले नाही, तीही येते म्हणाली नाही.

रिपोर्टच्या दिवशी जिनू आणि मी मिरजेला गेलो. फाटकासमोर शहाळ्यांच्या गाड्या लागलेल्या असतात. त्यातल्या एका गाडीच्या सावलीत त्रिशला उभी होती, खांद्याला पर्स, चेहरा पांढराफटक. निपाणीहून पहाटेची गाडी धरून आली होती. सम्मेदला आईकडं ठेवून.

"इथवर आले," ती म्हणाली. "पुढचं तुम्ही जा."

डॉक्टर हुद्दार तेव्हाच म्हातारे झाले होते. मागच्या वेळी माझ्यावर त्यांनीच उपचार केले होते. त्यांनी नेहमीसारखी शाळेची चौकशी केली. जिनूला दम नव्हता.

"डॉक्टर, परत आलाय ना?"

"नाही," ते म्हणाले.

"म्हणजे? सांगलीत तर म्हणाले लिंफोमा आहे."

"आहे. पण जुना नाही. राजमतीबाई, नीट ऐका. तुमचा पहिला गेला तो गेलाच. त्याचा कुठंही मागमूस नाही. हा दुसरा आहे. याच्या पेशी वेगळ्या, जात वेगळी. हा स्वतंत्रपणे, नव्यानं झालाय."

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. सात वर्षं रोज अंघोळ करताना मी मानेवरून बोटं फिरवायचे. काखेत दाबून बघायचे. दाराशी कुणीतरी दबा धरून बसलंय अशा हिशेबानं जगले. आणि हे गृहस्थ सांगत होते की तो केव्हाच निघून गेला होता, दाराशी कुणी नव्हतंच. आणि त्याच दमात सांगत होते की घरात दुसराच कुणीतरी शिरलाय.

"म्हणजे मला दोनदा कॅन्सर झाला?"

"हो."

"एकाच माणसाला?"

"क्वचित होतं. पण होतं."

जिनूनं टेबलाची कड धरली होती. मी बघितलं, तो पडायच्या बेतात होता. "खाली बस," मी त्याला म्हणाले. तो बसलेलाच होता.

"आता दुसरं ऐका," डॉक्टर म्हणाले. "स्कॅन स्वच्छ आहे. हाडातला मगज स्वच्छ आहे. हा फक्त जठराच्या आतल्या अस्तरात आहे, अगदी पहिल्या पायरीवर. आणि तुमच्या पोटात एक जंतू सापडलाय. पुष्कळांच्या पोटात असतो, बहुतेकांना काही करत नाही. तुमच्या पोटात त्यानं सारखं डिवचून डिवचून हे उभं केलंय. आपण तो जंतू मारायचा. त्याचं खाद्य बंद झालं की या जातीचा लिंफोमा बहुतेक वेळा आपोआप विरतो."

"जंतू मारायचा कसा?" मी विचारलं. "केमोनं?"

"गोळ्यांनी. दोन प्रकारच्या अँटिबायोटिक आणि एक ॲसिडिटीची. दोन आठवडे."

जिनू एकदम म्हणाला, "चेष्टा करताय का डॉक्टर?"

"मी चाळीस वर्षांत या खोलीत चेष्टा केलेली नाही," हुद्दार म्हणाले. "बहुतेक वेळा म्हणालो मी. नेहमीच नाही. काही महिन्यांनी परत दुर्बीण घालून बघायचं. नाही विरला तर थोडं रेडिएशन देऊ. पण आज तुम्ही औषधाच्या दुकानातून गोळ्या घ्यायच्या आणि घरी जायचं."

आम्ही गोळ्या घेतल्या. खोकल्याच्या औषधाला मिळते तसली खाकी पाकिटातली पुडी. ती हातात घेऊन मी फाटकाकडं चालत होते आणि माझे पाय जमिनीला लागत नव्हते. हा आनंद नव्हता. आनंद कसा असतो ते मला माहीत आहे. जिन्यात एक पायरी जास्त आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीतरी.

त्रिशला गाडीच्या सावलीतून बाहेर आली. आमचे चेहरे बघून तिला काही कळेना.

"जुना नाही म्हणतात," मी सांगितलं. "दुसराच आहे. नवीन."

"दुसरा?" ती म्हणाली आणि तिथंच रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसली. "अजून एक?"

"अगं, ऐक पुढचं. पहिल्या पायरीवर आहे. पोटाच्या बाहेर कुठं गेलेला नाही. केमो नाही, ऑपरेशन नाही. गोळ्या दिल्यात."

"कसल्या गोळ्या?"

"या." मी पुडी पुढं केली.

तिनं ती घेतली, उघडली, गोळ्यांची पट्टी उलटीसुलटी करून बघितली. "या खायच्या फक्त?"

"हो."

"घरी?"

"घरी."

ती पट्टीकडंच बघत होती. मग मान वर न करता म्हणाली,

"मग तेव्हा का नव्हत्या गोळ्या?"

आणि ती रडायला लागली. तोंडावर पदर नाही, काही नाही. भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर, ओक्साबोक्शी रडली. शहाळेवाल्यानं कोयता खाली ठेवला. जिनू तिच्याजवळ उकिडवा बसला आणि तिच्या पाठीवर हात ठेवून तोही रडू लागला. सात वर्षांत त्या दोघांनी हे कधी एकत्र केलं होतं की नाही, मला माहीत नाही. बहुतेक नसावं. घरात मी होते ना.

मी उभी होते. तो आजार वेगळा होता, त्याला गोळ्या नव्हत्या, हे काही तिच्या प्रश्नाला उत्तर नव्हे. मी तिच्या शेजारी दगडावर बसले. ती माझ्याकडं वळून रागानं म्हणाली, "तुम्ही काही बोलू नका."

गोळ्यांनी तोंड कडू व्हायचं, बाकी त्रास नाही. मी एक दिवसही रजा काढली नाही. पहिल्यांदा दुर्बीण घातली तेव्हा जंतू गेला होता, पण लिंफोमा थोडा शिल्लक होता. 'थांबू या,' हुद्दार म्हणाले. ते थांबणं दोन आठवड्यांच्या गोळ्यांपेक्षा फार जड गेलं. त्या काळात त्रिशला माझ्यावर दोनदा चिडली. एकदा भांडी आपटली, एकदा दिवसभर बोलली नाही. मी चिडू दिलं. पुढच्या खेपेला तुकड्यात काही सापडलं नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही.

याला आता बारा वर्षं होतील. हुद्दार गेले, त्यांच्या जागी त्यांची विद्यार्थिनी बसते. दुर्बीण अजून दर वर्षी असते. त्रिशला दर वर्षी माझ्याबरोबर फाटकापर्यंत येते आणि तिथं उभी राहते. मागच्या वर्षी पाऊस होता. मी म्हणाले, आज तू घरीच थांब, भिजशील. ती म्हणाली, भिजेन की. मी आत गेले. आत चल असं मी तिला कधी म्हटलेलं नाही.